नवं-जुनं

‘मादाम बोव्हारी’ हातात घेतली ती साहित्याच्या ओढीने नव्हे, फ्रेंच सुधारावं म्हणून. फ्रान्समधल्या रुआंला येऊन तीन वर्षं होत आली होती. फ्रेंचची बी-टू पातळीची परीक्षा एकदाची सुटली होती, तरी बेकरीच्या रांगेत मागचा माणूस पावसाबद्दल काही बोलला की मी नुसती हसून मान हलवायचे. आणि रुआंत पावसावर बोलायचे प्रसंग थोडे नसतात. या शहराला इथलेच लोक ‘नॉर्मंडीचं मुताचं भांडं’ म्हणतात.

वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी होती. ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून एक शनिवार, एकच पुस्तक, सगळ्यांनी मिळून वाचायचं. पुस्तक गावचंच. गुस्ताव फ्लोबेर १८२१ साली इथेच जन्मला. बाप इथल्या मोठ्या इस्पितळात मुख्य सर्जन. कादंबरी लिहिली ती इथून नदीच्या काठाकाठाने थोडं खाली, क्रोआसेच्या घरात, साडेचार वर्षं खपून. आणि कादंबरीतली डॉक्टरची बायको, एम्मा बोव्हारी, पियानोच्या शिकवणीचं निमित्त सांगून दर गुरुवारी घोडागाडीने प्रियकराला भेटायला येते, तेही याच रुआंत. म्हणजे मी जिथून भाजी आणते तिथेच. नाव नोंदवून टाकलं.

आम्ही अकरा जण होतो. गट चालवणाऱ्या बाई शाळेत जन्मभर फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या. एक आजोबा, पूर्वी त्यांचं औषधांचं दुकान होतं. एक तरुण नर्स. एक पंचविशीतला मुलगा, ज्याला शाळेत हे पुस्तक सक्तीने वाचायला लावलं होतं आणि तो राग अजून गेला नव्हता (मग आला कशाला, हे कोणी विचारलं नाही). बाकीच्या बहुतेक साठीच्या पुढच्या बायका. आणि मी. सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणत होते, मला ‘तुम्ही’. तेही प्रेमानेच, पण टोचायचं.

रोज आठ पानं, असं ठरवलं. पहिल्या दिवशी दीड पान झालं. फ्रेंचमध्ये एक भूतकाळ आहे, जो बोलण्यात येत नाही, फक्त छापील पुस्तकांत राहतो. परीक्षेसाठी मी तो ओळखीपुरता केला होता, आता तोच ओळीओळीला. त्यात सुरुवातीलाच शार्लची टोपी. शाळेत नव्याने आलेल्या, बुजऱ्या, पुढे एम्माचा नवरा होणाऱ्या शार्ल बोव्हारीच्या डोक्यावरची ती विचित्र टोपी फ्लोबेर इतकी बारकाईने सांगतो, की तेवढ्या एका परिच्छेदाला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. अस्वलाच्या कातड्याची टोपी, शिपायाची टोपी, झोपताना घालायची टोपी, सगळ्या एकात. वहीत मी चित्र काढून पाहिलं. जमलं नाही.

रविवारी आईला फोन असतो, इचलकरंजीला. बोलायला काही नसलं की मी तिला बोव्हारीची गोष्ट सांगायला लागले. मालिका सांगावी तशी, गेल्या रविवारी थांबलो तिथून पुढे. आईचे शेरे ठाम असायचे. शार्ल म्हणजे गरीब गाय. सासू कटकटी खरी, “पण तिचं बरोबर होतं गं.” एम्माचा पहिला प्रियकर रोदॉल्फ तिला सोडून जाताना पत्र लिहितो आणि त्यावर अश्रू दिसावा म्हणून पेल्यात बोट बुडवून पाण्याचा थेंब पाडतो, हे सांगितलं तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला. “असले आपल्याकडं पण हायत,” एवढंच म्हणाली. कोण, ते सांगितलं नाही.

गटात मात्र मी गप्प. वहीत लिहून न्यायचे आणि तशीच मिटलेली वही घरी आणायचे. नोव्हेंबरात एकदा धीर करून बोलले. एम्मा मनातल्या मनात म्हणते की तिला असा नवरा हवा होता, असं घर हवं होतं. ती वाक्यं मी फ्लोबेरची मतं म्हणून वहीत उतरवली होती आणि लेखक किती उथळ आहे, असं म्हणाले. बाईंनी शांतपणे विचारलं, “कोण बोलतंय?” मी पान पुन्हा पाहिलं. ‘एम्माला वाटलं’ असं तिथे कुठेच नव्हतं. वाक्य लेखकाचं, विचार तिचा, आणि मधे दारच नाही. कान तापले माझे.

जानेवारीत बाईंनी खटल्याची गोष्ट काढली, आणि मला जरा बरं वाटलं. ही कादंबरी १८५६च्या ऑक्टोबर ते डिसेंबर ‘रव्ह्यू द पारी’ या पाक्षिकात क्रमशः आली. संपादकांनीच घाबरून काही भाग गाळले होते, तरी सरकारने फ्लोबेर, संपादक आणि मुद्रक यांच्यावर नीतिभ्रष्टतेचा खटला भरला. २९ जानेवारी १८५७ला सुनावणी झाली. सरकारी वकील एर्नेस्त पिनार. त्याची तक्रार अशी की या पुस्तकात त्या बाईला दोषी ठरवणारं एकही माणूस नाही. नवरा नाही, पाद्री नाही, लेखकसुद्धा नाही. म्हणजे ‘कोण बोलतंय’ हे त्यालाही धड लागलं नव्हतं! ७ फेब्रुवारीला सगळे निर्दोष सुटले. एप्रिलमध्ये दोन खंडांत पुस्तक आलं आणि धडाधड खपलं. फ्लोबेरने मात्र पाच वर्षांचे हक्क ८०० फ्रँकला देऊन टाकलेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच पिनारने बोदलेरच्या कवितांवर खटला चालवला, आणि तिथे मात्र सहा कविता बंद पाडल्या.

त्या काळच्या वाचकांनी काय केलं, हे ऐकायला मला कादंबरीपेक्षा जास्त आवडायचं. औषधवाल्या आजोबांनी एक गोष्ट सांगितली. कादंबरीतला ओमे हा औषधवाला बोलघेवडा, अर्धवट शहाणा, वर्तमानपत्रात बातम्या पाठवणारा, परवाना नसताना लोकांना तपासणारा. फ्लोबेरने पुढे एका पत्रात लिहिलंय, की या जिल्ह्यातल्या साऱ्या औषधवाल्यांना ओमेत आपण दिसलो आणि ते फ्लोबेरच्याच थोबाडीत द्यायला निघाले होते. आजोबा म्हणाले, “मी पण गेलो असतो.” मग ओमेची बाजू घेऊन तब्बल वीस मिनिटं बोलले. बोलण्याची ढब थेट ओमेचीच. कोणी हसलं नाही, हे फ्रेंच सभ्यतेचं टोक.

दुसरी गोष्ट आंजे गावच्या मादमोआझेल लरोआये द शांतपी यांची. वय छप्पन्न, अविवाहित, कधीमधी लिहिणाऱ्या. पाक्षिकातले हप्ते वाचून त्यांनी डिसेंबर १८५६मध्ये अनोळखी फ्लोबेरला पत्र टाकलं, की अशी बाई आणि असं गाव मी ओळखते, हे सगळं खरं आहे. त्याने उत्तर दिलं, की यात खरं काहीच नाही, सगळं रचलेलं आहे. आणि मग वीसेक वर्षं दोघं एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. भेटले एकदाही नाहीत. नर्स म्हणाली, ‘मादाम बोव्हारी म्हणजे मीच’ हे वाक्य फ्लोबेरने या बाईंनाच लिहिलं असणार. आमच्या गटाच्या बाई म्हणाल्या, ते वाक्य कपांवर आणि पिशव्यांवर छापलेलं मिळतं, त्याच्या एकाही पत्रात मिळत नाही.

मधे एकदा सगळे मिळून री या गावी गेलो. रुआंपासून वीसेक किलोमीटर. तिथे देल्फीन देलामार नावाची एका वैद्याची बायको १८४८ साली तरुणपणीच वारली. नवरा फ्लोबेरच्या बापाचा विद्यार्थी. तिच्यावरूनच एम्मा घडली म्हणतात. त्यामुळे सारं गाव बोव्हारीमय करून ठेवलंय. चर्चपाशी तिची स्मृतिशिळा आहे, एकच रस्ता आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा कॉफी मिळण्याची जागा बंद होती. फॉर्झ-लेझो हे दुसरं गावही कादंबरीतलं योन्व्हिल आपणच असं म्हणतं. खुद्द फ्लोबेर म्हणायचा, असं गावच नाही. पावसात उभं राहून मला त्याचंच म्हणणं पटलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

लग्नाआधी सांगली जिल्ह्यात एका पतसंस्थेत मी सात वर्षं नोकरी केली. पहिली चार काउंटरला, नंतरची तीन वसुलीला. हे गटात कोणाला माहीत नव्हतं. खरं तर मीही विसरत आणलं होतं.

कादंबरीत लरो नावाचा कापडदुकानदार आहे. नावाचा अर्थ ‘सुखी’! एम्माच्या दारी तो आधी नुसत्या ओढण्या दाखवायला येतो. घ्या म्हणत नाही. पैशाची घाई नाही म्हणतो. मग चाबूक, पेटी, झगा, पडदे, गालिचा. चाबकाच्याही आधी शार्ल एका लंगड्या नोकराच्या पायावर नको ते ऑपरेशन करून बसतो, पाय कापावा लागतो, आणि भरपाई म्हणून ३०० फ्रँकचा लाकडी पाय. तोही लरोकडूनच. प्रेमप्रकरणाची पानं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली होती. ही पानं शब्दकोशाशिवाय जात होती.

एके ठिकाणी शार्ल त्याच्याकडून १००० फ्रँक उचलतो. लरो पळत दुकानात जातो, पैसे आणतो आणि १०७० ची वचनचिठ्ठी लिहून घेतो. आधीचे १८० धरून बरोबर १२५०. सहा टक्के व्याज, वर कमिशन, वर मालावरचा नफा. बारा महिन्यांत १३० फ्रँक सुटतात. पण लरोची खरी आशा पुढच्या ओळीत आहे. यांना चिठ्ठ्या फेडता येऊ नयेत, त्यांनी त्या ‘रनूव्हले’ कराव्यात, आणि आपला बिचारा पैसा डॉक्टरच्या घरी आजारी माणसासारखा खाऊनपिऊन गुटगुटीत होऊन परत यावा.

‘रनूव्हले’पाशी माझं बोट थांबलं. नवं-जुनं! मार्चअखेर जवळ आला की आमच्याकडे हाच शब्द फिरायचा. जुनं कर्ज नव्या कर्जातून भरलेलं दाखवायचं, व्याज मुद्दलात मुरवायचं, कागद स्वच्छ. कर्जदार आभार मानून जायचा. सही करताना तो किती सुटल्यासारखा दिसतो, हे फ्लोबेरला कुठून कळलं असेल?

मग मी वहीत तक्ता आखला. डावीकडे तारीख (फ्लोबेर देतो तिथे), मधे माल, उजवीकडे रक्कम, शेवटच्या रकान्यात सही कोणाची. तो शेवटचा रकाना भरताना कादंबरी वेगळीच दिसायला लागली. आधी सही शार्लची. सासरे वारल्यावर लरो सुचवतो की मुखत्यारपत्र करून घ्या, त्यानंतर सगळीकडे एम्माची. ते मुखत्यारपत्र सासू जाळायला लावते, आणि शार्ल, गरीब गाय, दुसरं करून देतो. चिठ्ठ्या रुआंतल्या एका सावकाराकडे फिरतात, म्हणजे लरो म्हणायला मोकळा, की माझ्या हातात काही नाही. आणि एके दिवशी हुकूम येतो, चोवीस तासांत ८००० फ्रँक.

त्यानंतर जप्ती. बेलीफाचं नाव आरां, म्हणजे हेरिंग मासा. दोन पंच घेऊन तो घरात शिरतो. शार्लच्या तपासायच्या खोलीत डोक्याचा एक नमुना आहे. तो यादीत घेत नाही. धंद्याचं साधन म्हणून वगळतो. इथे मला हसू आलं. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे. कारागिराची अवजारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरीतीप्रमाणे बाईच्या अंगावरून उतरत नाही तो दागिना, यांना हात लावता येत नाही. मला ते पाठ होतं. पुढे आरां स्वयंपाकघरातल्या ताटल्या मोजतो, मग निजायच्या खोलीत तिचे कपडे उलगडतो. मग माळा. तिथल्या मेजात रोदॉल्फची पत्रं. “पत्रव्यवहार दिसतोय,” तो म्हणतो, “पण खाली आणखी काही नाही ना, तेवढं पाहतो.” आणि कागद हलकेच तिरपे करून झटकतो, सोन्याची नाणी पडतील म्हणून. लाल, मऊ, गोगलगायीसारखी बोटं. ज्या पत्रांनी तिचं काळीज धडधडलं होतं, त्यांवर.

पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

मिरज तालुक्यातलं एक घर. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला झालेला, नोटिसा झालेल्या, वसुली अधिकारी आणि दोन पंच बाहेरच्या खोलीत. आतलं कपाट बाईमाणसाने बघावं म्हणून मला नेलेलं. लेडीज म्हणून माझं कामच ते. घरातली बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी, तोंडाने एक शब्द नाही. साड्यांच्या घडीमागे कापडी बटवा. मी तो उघडून तळहातावर उलटा केला आणि झटकला. आत एसटीची तिकिटं होती. सेफ्टी पिनेत अडकवलेली, पंधरा-वीस असतील, सगळी सांगली ते मुंबईची. मी ती परत ठेवली आणि पंचनाम्यात ‘काही नाही’ असं सांगितलं. तिच्याकडे पाहिलं नाही. ती तिकिटं कसली होती, हे मला आजवर माहीत नाही.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी हे सांगितलं. वाक्यं तुटक, काळांचा पत्ता नाही, सेफ्टी पिनेला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, हाताने करून दाखवली. तक्ता मधल्या टेबलावर ठेवला. कोणी काही बोलेना. मग पंचविशीतल्या मुलाने तक्ता जवळ ओढला आणि सह्यांच्या रकान्यावरून बोट फिरवत गेला. तो म्हणाला, माझ्या आईचं असंच झालं, कार्डावरचं कर्ज, एक फेडायला दुसरं. शेवटी बांक द फ्रांसकडे कर्जबाजारीपणाचा अर्ज करावा लागला. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि शाळेत हेच पुस्तक चाललं होतं. प्रश्न यायचा तो रूपक कुठे आहे आणि उपमा कुठे. त्या दिवसापासून तो मला ‘तू’ म्हणायला लागला.

बाईंना मात्र तक्ता पूर्ण पटला नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. कर्ज काढून टाकलं तरी एम्मा सुखी झाली नसती, त्या म्हणाल्या. त्यांनी दुसरंच एक पान उघडलं. तिथे फ्लोबेर म्हणतो, की माणसाची भाषा ही तडा गेलेल्या किटलीसारखी. ती बडवून आपण अस्वलांना नाचवतो, आणि आपल्याला तर ताऱ्यांना पाझर फोडायचा असतो. हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसवणार? मला उत्तर सुचलं नाही. फ्रेंच अपुरं पडलं म्हणून नव्हे, मराठीतही सुचलं नसतं. ते वाक्य मी तक्त्याखालीच लिहून घेतलं. अजून तिथे आहे, बेरजेच्या खाली.

शेवट आईला सांगायचा राहिला होता. विष घेते इथपर्यंत झालं होतं. पुढच्या रविवारी सगळं सांगितलं. शार्लला पत्रं सापडतात, तोही बागेत बाकावर बसल्या बसल्या जातो, घरातलं सगळं विकतात आणि उरतात बारा फ्रँक पंचाहत्तर सांतीम. आईने मधेच तोडलं.

“आणि पोरगी?”

मुलगी बेर्त. गटात तिच्यावर आम्ही किती बोललो असू? नर्सने एकदा विषय काढला होता, एम्मा तिला ढकलते आणि गालाला लागतं त्या प्रसंगाचा. बस, तेवढंच. मी आईला सांगितलं, त्या उरलेल्या पैशातून पोरीचं आजीकडे जायचं भाडं निघालं. आजी त्याच वर्षी गेली. आईकडच्या आजोबांना लकवा. एक मावशी का आत्या होती, तिने नेलं. ती गरीब, म्हणून पोरीला पोटासाठी सूतगिरणीत पाठवते.

आई गप्प झाली. लग्नाआधी ती मागाच्या कांड्या भरायला जायची. किती वर्षांची असताना, हे तिने कधी नीट सांगितलेलं नाही.

“केवढी होती?”

“लिहिलं नाहीये. सहा-सात, फार तर आठ.”

“पगार पोरीच्या हातात द्यायचे का मावशीच्या?”

“तेही नाहीये, आई.”

“आणि तू ‘पाठवते’ काय म्हणतीस? पाठवायची म्हण की. किती वर्षं झाली त्याला.”

मी पुस्तक ओढून शेवटचं पान काढलं. आदल्या ओळीपर्यंत सगळं भूतकाळात होतं, तोच तो छापील भूतकाळ, ज्याच्याशी मी सहा महिने झगडले होते. पण या वाक्यात नाही. ‘ती गरीब आहे आणि तिला पोटासाठी सूतगिरणीत पाठवते.’ फ्लोबेरने वर्तमानकाळच लिहिला होता.

“इथं तसंच लिहिलंय,” मी म्हटलं. “पाठवते.”

“मग बघ,” आई म्हणाली, आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.